पुढचा ॲक्सल

आमच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप आहे. तिचं वय माझ्यापेक्षा बरंच जास्त आहे. आमची वाडी खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. मलप्रभा नदी कणकुंबीलाच उगम पावते, तेव्हा आमच्याकडे पाऊस किती पडत असेल याची कल्पना करा. जून ते सप्टेंबर वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे चार किलोमीटर म्हणजे लाल चिखल, उघडे पडलेले दगड आणि मध्ये एक ओढा. त्या चार महिन्यांत वाडीतलं दूध, रेशन आणि आजारी माणूस, सगळं आमच्या जीपमधूनच जातं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि बाबांच्या मागे लागलो की जीपला मोठे टायर घालू या. आधी तिला सहा-सोळाचे टायर होते. मला साडेसात-सोळाचे हवे होते, म्हणजे सुमारे तीन इंच उंच. मी सांगितलं की जीप दगडांवरून सहज जाईल. खरं कारण वेगळं होतं. फोटोत जीप उंच आणि रुबाबदार दिसावी, आणि तो फोटो मला हाउसमधल्या मित्रांना दाखवता यावा. बाबांनी ऐकलं. काका त्या वेळी बाहेरगावी होते. ते असते तर त्यांनी ऐकलं नसतं.

जुलैमध्ये एका रविवारी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. बाबांचा आवाज बदललेला होता. आदल्या रात्री शेजारच्या आजोबांना दम लागला होता. त्यांना दवाखान्यात नेताना ओढ्यातून वर चढत असताना पुढून "खट्‌" असा मोठा आवाज झाला आणि स्टीअरिंग जागच्या जागी अडकलं. जीप ना पुढे जाईना, ना मागे. शेवटी चौघांनी आजोबांना खाटेवर घालून, भर पावसात, दोन किलोमीटर खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. आजोबा वाचले. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. पण फोन ठेवल्यावर मी मेसमध्ये जेवायला गेलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोहोचलो तेव्हा जीप पडवीत ठोकळ्यांवर उभी होती आणि पुढचा ॲक्सल खाली उतरवलेला होता. काका सैन्यात ईएमईमध्ये व्हेइकल मेकॅनिक होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या कोअरचं ब्रीदवाक्य आहे "कर्म ही धर्म", आणि काका ते बोलून दाखवत नाहीत, नुसते काम करतात. मला म्हणाले, "वर्दी काढून ठेव आणि हात काळे कर. आधी काय मोडलं ते बघ, मग काय घ्यायचं ते ठरवू."

जुन्या जीपच्या पुढच्या चाकाजवळ एक बंद गोल डबा असतो. त्याला बंद नकल म्हणतात. चाक वळतंही आणि फिरतंही, म्हणून शाफ्टमध्ये तिथे एक सांधा लागतो. तो सांधा त्या डब्यात ग्रीसमध्ये बुडालेला असतो. काकांनी डबा उघडला. आतलं ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालं होतं. ऑइल सील फाटून ओढ्याचं पाणी आत जात होतं. जॉइंट क्रॉसचे बेअरिंग गंजले होते. त्यात टायर मोठे, वजनदार. चाक वळवलेलं, दगडात अडकलेलं, आणि बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. क्रॉस तुटला आणि त्याचे तुकडे डब्यातच अडकले. म्हणून स्टीअरिंग वळेना.

काकांनी मला एक हिशोब करायला लावला. समजा इंजिनचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर तिप्पट करतो, लो गिअर अडीच पट आणि ॲक्सलचा गोळा ५.३८ पट. गुणाकार केला तर जवळजवळ चाळीस पट होते, म्हणजे सुमारे ४८०० न्यूटन-मीटर. हा सगळा जोर चाकांकडे निघतो. तीन चाकं चिखलात घसरत असली तर फार काही होत नाही. पण चाकं दगडात घट्ट धरली गेली, तर त्यांच्या शाफ्टवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो. टायरची उंची दहा टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच ओढीसाठी शाफ्टवर दहा टक्के जास्त पीळ पडतो. भौतिकशास्त्राच्या तासाला टॉर्क मी पाठ केला होता. तो पहिल्यांदा समजला तो पडवीत.

आता प्रश्न होता की घालायचं काय. तीन पर्याय होते.

पहिला पर्याय, आहे तोच ॲक्सल दुरुस्त करायचा. खर्च सर्वांत कमी. पण हाउसिंगची नळी किंचित वाकली होती आणि किंगपिनच्या जागा झिजल्या होत्या.

दुसरा पर्याय माझा होता. मी वाचून आलो होतो की डाना ४४ हा ॲक्सल फार मजबूत असतो. त्याच्या क्राऊनचा व्यास साडेआठ इंच असतो आणि जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलला पुढे तोच येतो. मी काकांना म्हटलं, "घ्यायचा तर एकदम मोठाच घेऊ या. पुन्हा तुटायची भीती नको."

काका हसले नाहीत. त्यांनी खडूने पडवीच्या जमिनीवर जीपचं चित्र काढलं. "आपल्या जीपचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या उजव्या बाजूने निघतो. तुझ्या रँग्लरचा गोळा असतो डावीकडे. शाफ्ट काय इंजिनखालून तिरका नेणार? गोळा मोठा, म्हणजे तो खाली लोंबणार. तीन इंच उंच टायर घालून मिळवलं त्यातलं थोडं तिथेच गेलं. ॲक्सल जड, म्हणजे पाटे बदला. रुंदी वेगळी, म्हणजे पाट्यांच्या बैठका कापून पुन्हा वेल्डिंग करा. ती बैठक थोडी जरी चुकली तर किंगपिनचा कल चुकतो, मग गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. तो कल तीन अंशांच्या आसपास असतो, डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय ब्रेक पुढे एक, मागे एक."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "अरे, डोंगरात काहीतरी तुटणारच. काय तुटावं एवढंच आपल्या हातात असतं. शाफ्ट लोखंडाचा खांब केलास तर गिअर तुटतील. गिअर मजबूत केलेस तर ट्रान्सफर केस जाईल. क्रॉस तुटला तर तो मी ओढ्यात बसून तासाभरात बदलीन. ट्रान्सफर केस फुटली तर माणसाला पुन्हा खाटेवरूनच न्यावं लागेल."

तिसरा पर्याय काकांचा होता. आमच्याच जीपच्या घराण्यातला, पण नंतरच्या काळातला, उघड्या नकलचा ॲक्सल. अमेरिकेतल्या जीपला १९७२ मध्ये डाना ३० आला, तोही उघड्या नकलचाच. उघड्या नकलमध्ये सांधा डोळ्यांना दिसतो. सकाळी वाकून पाहिलं तरी क्रॉस ढिला झालाय की नाही ते कळतं. शाफ्टही थोडा जाड असतो. आणि हे "थोडा" फसवं आहे. गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. व्यास फक्त दहा टक्क्यांनी वाढवला तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. दिसायला बदल नखाएवढा, पण काम मोठं.

आम्ही बेळगावच्या भंगार बाजारात गेलो. दुसऱ्याच दुकानात तसा ॲक्सल मिळाला. गोळा उजवीकडे, रुंदी बरोबर, नळी सरळ, भाव परवडणारा. बाबा पैसे काढायला लागले. काकांनी मला मागचं झाकण उघडून क्राऊनचे दात मोजायला सांगितले. मी खडूने खूण करून मोजले. क्राऊनला ३९, पिनियनला ८. काकांनी विचारलं, "आपल्या मागच्या ॲक्सलचे किती?" ते मी घरी मोजले होते. ४३ आणि ८.

३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५. फोर व्हील लावल्यावर आमच्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकत्र बांधले जातात. पुढचं चाक एका वेगाने फिरू पाहणार, मागचं दुसऱ्या, आणि फरक दहा टक्क्यांचा. चिखलात चाकं घसरून तो फरक निघून जाईल, पण दगडावर कुठेतरी पीळ साठत जाणार आणि शेवटी काहीतरी मोडणार. दुकानदार म्हणाला, "बाहेरून सेम टू सेम आहे, साहेब." खरंच होतं ते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मला वाईट वाटलं, कारण सुट्टी संपत आली होती आणि जीप मला माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिलेली हवी होती. काका म्हणाले, "घाई तुला आहे, जीपला नाही. पाऊस यायला सात महिने आहेत."

मी शाळेत परतल्यावर दोन आठवड्यांनी ४३ दातांचा ॲक्सल मिळाला. पण तो बसवण्याआधी काका परिवहन कार्यालयात जाऊन आले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गोष्टींपासून गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. "आधी विचारायचं, मग पाना उचलायचा," हा त्यांचा नियम. मग नवे सील, नवे क्रॉस, नवे ब्रेक पाइप घातले. कल बरोबर यावा म्हणून पाट्याखाली पाचर दिली. आणि सगळ्यांत शेवटी माझे मोठे टायर काढून पुन्हा सहा-सोळाचे घातले. हे बाबांनी फोनवर मला जरा सांभाळून सांगितलं. मी म्हटलं, "बरोबर केलंत, बाबा." हे म्हणायला मला पाच महिने लागले होते.

यंदा जुलैत पुन्हा रविवारचा फोन. बाबा म्हणाले, रात्री शेजारच्या आजोबांना तपासणीसाठी नेलं, ओढ्याला पाणी गुडघाभर होतं. मी विचारलं, "मग?" बाबा म्हणाले, "मग काय? नेलं आणि आणलं." ओढ्याबद्दल एवढंच बोलणं झालं.

मित्रांनो, आपण इथे रोज पीटी करतो, ड्रिल करतो, मजबूत व्हायचं म्हणतो. मजबूत म्हणजे मोठं, असं मला वाटायचं. आता वाटतं की मजबूत म्हणजे आपल्या बाकीच्या भागांशी जुळणारं, आणि रोज सकाळी वाकून तपासता येणारं. सुट्टीत घरी गेलो की मी पहिल्यांदा आजोबांच्या पाया पडतो, आणि मग जीपखाली शिरून क्रॉस हलवून बघतो.