धोंडो, धोंडिबा, धोंड्या : एका दगडी नावाचा इतिहास

१/ र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. ही दोन्ही नावे मराठी वाचकाला पाठ असतात, मधल्या 'धों.'कडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. दोघांच्याही वडिलांचे नाव धोंडो. धोंडो म्हणजे धोंडा, दगड. पोटच्या मुलाला दगड म्हणण्याची वेळ आईबापांवर का आली, आणि त्याच नावाने पुढे कोणाला सन्मान तर कोणाला अवहेलना का मिळाली, याचा हा धागा.

२/ मूळ कारण मृत्यू. विसाव्या शतकाच्या आरंभीदेखील ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर १,००० मुलांपैकी २००हून अधिक मुले पहिल्या वर्षातच दगावत. देवी, पटकी, धनुर्वात, हगवण यांपैकी कशानेही पाळणा रिकामा होई. लागोपाठ दोन-तीन मुले गेली की पुढच्या बाळाचे नाव कौतुकाने नव्हे, धास्तीने निवडले जाई.

३/ समजूत अशी की दृष्ट लागते ती देखण्या, लाडक्या मुलाला. मग त्याला कुरूप, टाकाऊ नाव द्यावे. दगडावर कोणाचा डोळा जाणार? केरू, कचरू, उकर्डा, दगडू ही याच कुळातली नावे. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला, जणू आपला नव्हेच. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'चा नायक धोंडो भिकाजी जोशी. बापलेकांच्या दोन्ही नावांत जुनी भीती दडलेली आहे. ती विस्मरणात गेल्यावरच वाचकाला या नावाचे हसू येऊ शकले.

४/ दगड टाकाऊ असतो, तसाच तो टिकाऊही असतो. शिवाय गावोगावी शेंदूर माखलेला धोंडाच म्हसोबा म्हणून पुजला जातो. त्यामुळे हे नाव मुलाला लपवते आणि त्याला दीर्घायुष्यही चिंतते. दादासाहेब फाळक्यांचे 'धुंडिराज' हे नाव मात्र यापासून वेगळे. ते गणपतीचे नाव. त्याचा दगडाशी संबंध नाही.

५/ या नावाची माणसे इतिहासात ठळक दिसतात. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजांना सळो की पळो करून सोडणारा धोंडजी वाघ १० सप्टेंबर १८०० रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ठरला. १८५७च्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंत. १८५८मध्ये त्यांना पकडून देणाऱ्यास १ लाख रुपयांचे इनाम जाहीर झाले होते.

६/ त्याच १८५८ साली, १८ एप्रिलला, कोकणात धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. महर्षी कर्वे १९६२पर्यंत, म्हणजे १०४ वर्षे जगले. 'दगडासारखा टिको' ही इच्छा इतकी पुरेपूर फळल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

७/ धोंडा एकच असला तरी त्याच्या शेपटाने माणसाची जागा ठरे. 'पंत' लागला की पोथी, लेखणी आणि दरबार. 'जी' लागला की तलवार. 'बा' लागला की नांगर आणि मेंढरे. उरला 'धोंड्या'. आईच्या तोंडी ती माया असे. चावडीवरून तीच हाक आली की तो हुकूम असे. काही माणसांना घराबाहेर आयुष्यभर या एकाच रूपात हाक मारली गेली.

८/ मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे. म्हणजे एका घरी जे नाव मृत्यूला चकवण्यासाठी होते, तेच दुसऱ्या घरी माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी वापरता येत होते.

९/ 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात लेखक दया पवार आणि महारवाड्यात वाढलेला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात, दोघे एकच. दगडूच्या वडिलांचे नाव मारुती, म्हणजे देवाचे नाव त्या घराला परके नव्हते. बालमृत्यूची भीती तर तेथे अधिकच असणार. पण नाव घरात कोणत्याही भावनेने ठेवलेले असो, गाव ते जातीच्या कानांनी ऐके. धोंडोचे 'धोंडोपंत' होण्याची वाट मोकळी होती. दगडूचे 'दगडूपंत' कोणी केले नसते.

१०/ म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर बौद्ध घरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल ही नावे वाढली. तो केवळ आवडीचा बदल नव्हता. आपल्या मुलाला जगाने कोणत्या शब्दाने ओळखावे, हे आपण ठरवू, अशी ती घोषणा होती.

११/ इकडे महर्षींचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मूल इच्छेने व्हावे आणि आईचा जीव वाचावा, हा त्यांचा आग्रह. ज्या असहायतेतून 'धोंडो' हे नाव जन्मले, त्या असहायतेशीच 'धों.' हे अक्षर मिरवणारा मुलगा झुंजत होता.

१२/ आज महाराष्ट्रात अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी २०च्या खाली आले आहे. नव्या पाळण्यात धोंडो आढळत नाही, आणि त्यात हळहळण्यासारखे फारसे काही नाही. मात्र घरची वंशावळ किंवा जुना सातबारा चाळताना धोंडू, दगडू, कचरू असे नाव दिसले, तर हसून पान उलटू नये. त्या मुलाच्या आधी किती पाळणे रिकामे झाले आणि कागदावर त्याचे नाव कोणाच्या हाताने, कोणत्या शेपटासह लिहिले गेले, हे दोन प्रश्न तेथे अवश्य विचारावेत.