कर्नलची खूण आणि माझी चिठ्ठी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण साधं आहे, लॅपटॉप आजारी होता. एक अक्षर टाइप केलं की ते उमटेपर्यंत चहा पिऊन व्हावा अशी गत. दिवा मात्र अखंड लुकलुकत होता. नात सुट्टीला आली होती. ती संगणकाचंच शिकते, आणि या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं तेही तिनेच. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, एक्केचाळीस टॅब उघडे आहेत तुमचे! मेमरी भरलीय. कर्नल बिचारा पेजेस आत-बाहेर करून दमलाय."

कर्नल म्हटल्यावर मला फौजेतला मिशाळ गृहस्थ दिसला, आणि पेज म्हटल्यावर (आम्ही कोकणातले!) लोणच्याच्या फोडीबरोबरची गरम पेज. नात पोट धरून हसली. मग समोर बसून तिने जे सांगितलं ते एका मराठी मीडियमच्या बी.ए.ला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. तो मेमरीची सारख्या मापाची पानं पाडतो. एक पान बहुधा ४ किलोबाइटचं. माझ्या लॅपटॉपची मेमरी ४ जीबी, म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ पानं! जागा संपली की काही पानं बाहेर, डिस्कवर, पाठवावी लागतात. आता कुठली पाठवायची? १९६६ साली आयबीएममधल्या बेलाडी यांनी याचं आदर्श उत्तर मांडलं: जे पान पुढे सर्वात उशिरा लागणार आहे ते काढा. उत्तर बरोबर, पण त्याला भविष्य कळायला हवं. ते कर्नललाही कळत नाही. म्हणून तो मागचं बघतो. आत्तापर्यंत जे वापरात होतं ते पुढेही लागेल, असं धरून चालतो.

पण दहा लाख पानांवर लक्ष ठेवायचं कसं? प्रत्येक वापराची नोंद करत बसला तर मूळ काम राहील बाजूला. म्हणून युक्ती अशी की प्रत्येक पानाच्या नोंदीत एक छोटीशी खूण असते. पानाला हात लागला की प्रोसेसर ती आपोआप उमटवतो. कर्नल फेरी मारतो, खूण दिसली तर पुसून ठेवतो. पुढच्या फेरीला ती पुन्हा उमटलेली असली तर पान वापरातलं. नसली तर त्याची रवानगी निष्क्रिय यादीत, आणि तिथेही कोणी हात लावला नाही तर बाहेर. कितीदा वापरलं याचा हिशेबच नाही. गेल्या फेरीनंतर हात लागला की नाही, एवढंच.

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. नातीला वाटलं आजोबांना कळलं नाही. पण मला १९८६ साल आठवलं होतं.

तेव्हा मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होतो आणि ग्रंथालयही माझ्याकडे होतं. दोन कपाटं, पुस्तकं मावेनात. निर्लेखन करायचं ठरलं. मी देवघेवीचं रजिस्टर काढलं आणि पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांवर लाल रेघ मारली. पुस्तकं रद्दीत गेली. आपण फार शिस्तीत काम केलं असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी आठवीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. "सर, ते ताऱ्यांच्या नकाशाचं पुस्तक कुठे ठेवलंय?" तो रोज मधल्या सुट्टीत येऊन ते पुस्तक तिथेच बसून वाचायचा. घरी न्यायला पाच रुपये अनामत लागत असे, ती त्याच्याकडे नव्हती. म्हणून रजिस्टरात त्याची नोंद कधी झालीच नाही. ज्यांच्याकडे पाच रुपये होते त्यांचंच वाचन मी वाचन म्हणून मोजलं होतं. मी रद्दीवाल्याकडे सायकल हाणली. गठ्ठे शहरात गेले होते. मुलगा "बरं सर" म्हणाला आणि गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "माळ्यावरचा डबा लागतो की नाही ते मी कसं ओळखते? वर चिठ्ठी ठेवते. चिठ्ठी हलली की डबा उघडलाय." दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक पुस्तकात, वरून टोक दिसेल अशी, कागदाची पट्टी ठेवायला लागलो. कोणी वाचलं की पट्टी बाहेर निघे. महिन्याने मी फेरी मारून पट्ट्या परत घालायचो. निवृत्त होईपर्यंत हे चाललं. आणि ही पोरगी मला सांगत होती की संगणकही तेच करतो! सौ. असती तर म्हणाली असती, "बघा, मला कुणी पगार दिला नाही." :)

नातीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक पान तपासण्यातही वेळ जातो, म्हणून २०२१ मध्ये लिनक्समध्ये डेमॉन नावाची सोय आली. ती पानांचे गट पाडते, गटातलं एखादंच पान तपासते आणि त्यावरून गटाचा अंदाज बांधते. आमचे दिपोटी एका मुलाला उभं करून वर्गाची पारख करायचे, तसंच. फरक इतकाच की डेमॉन आपले गट सतत फोडून, जोडून सुधारत राहते. दिपोटी चहा घेऊन जायचे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. फाइलचं पान बाहेर काढताना कर्नल त्याच्या जागी एक छोटी टीप सोडतो. २०१४ पासून ही सोय आहे. पान लवकरच पुन्हा मागितलं गेलं तर त्या टिपेवरून त्याला कळतं की आपण घाई केली, आणि मग ते पान थेट सक्रिय यादीत बसतं. शिवाय पान डिस्कवर असतंच. उशीर होतो, पण परत येतं. माझी टीप म्हणजे दारात उभा राहिलेला तो मुलगा. चूक कळली, पण पुस्तक काही परत आलं नाही.

असो. मी टॅब बंद केले, आता लॅपटॉप बरा आहे. मुलगी गेलं वर्षभर म्हणतेय की बाबा, घरातली पुस्तकं कमी करा. तिचंही खरं आहे. काल मी सगळ्यांत पट्ट्या घालून ठेवल्या. दिवाळीनंतर फेरी मारीन. जिथे पट्टी हललेली नसेल ती पुस्तकं देऊन टाकीन, पण रद्दीत नाही. गावच्या वाचनालयाशी बोलणं झालंय. तिथे बसून वाचायला अनामत लागत नाही, हे आधी विचारून घेतलं.

तुम्ही कसं ठरवता, काय ठेवायचं आणि काय काढायचं? जरूर कळवा.