परतीचे दोर

ती मुलगी पडली तेव्हा आमचं सगळं आटोपलं होतं. जीवधनची वानरलिंगी सर झाली होती, रॅपल करून सगळे सुखरूप खाली आले होते, हार्नेस निघाले होते, दोर गुंडाळून सॅकमध्ये गेले होते. मी शेवटच्या गाठी सोडत होतो, मनाने घाटघरच्या चहापर्यंत पोचलो होतो. आणि पायवाटेवरच्या साध्या घसाऱ्यावर, जिथे गावातली पोरं अनवाणी पळतात तिथे, तिचा पाय दुमडला. घोट्याची दोन हाडं मोडली. घाटघरच्या चौघांनी आणि आम्ही आळीपाळीने तिला खाली आणलं. त्याला चार तास लागले. हरीश कापडिया १९७४ साली नंदादेवी अभयारण्यात हिमभेगेत पडले, तेव्हा साथीदारांनी त्यांना तेरा दिवस उचलून बेस कॅम्पला आणलं होतं. ही हकीकत मी शिबिरांत पंचवीस-तीस वेळा सांगितली असेल. त्या दिवशी माझ्या खांद्यावर चारच तास वजन होतं. तेरा दिवस म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी चढाई शिकवतो, आणि शिकायला येणाऱ्यांना पुस्तकं देतो. दुसरं काम पहिल्याइतकंच मनापासून करत आलो आहे. कोणाला काय द्यायचं हे मला बरोबर कळतं, असा माझा समज होता. नवा मुलगा कातळावर पहिल्या दिवशी कसा उभा राहतो, पकड चाचपतो की थेट धरतो, एवढं पाहून मी रात्री कपाटातून पुस्तक काढायचो. उतावळ्याला टेरे, घाबरणाऱ्याला तेनसिंग, आणि ज्याच्यात काहीतरी दिसायचं त्याला मॉरिस हर्झॉगचं 'अन्नपूर्णा'. ते मिळालं की आपण सरांच्या खास यादीत आलो, हे मुलांना ठाऊक असायचं. तसं त्यांना ठाऊक असणं मला आवडायचं. 'सरांनी दिलेलं पुस्तक वाचून मी डोंगरात आलो' असं कुणी चारचौघांत म्हटलं की ती चढाई अर्धी माझी झाली, असं मला वाटे. या मुलीलाही मी हर्झॉगच दिला होता.

प्लॅस्टरमध्ये असताना तिने तो पुन्हा वाचला. भेटायला गेलो तर तिने पुस्तक उघडून माझ्या हातात ठेवलं. "काका, तुमच्या पेन्सिलच्या खुणा बघा."

ही प्रत मी १९८९ साली फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली. खुणा दाट होत्या. डोंगराची वाट सापडत नाही ते दिवस, कॅम्पमागून कॅम्प, शेवटचा चढ, सगळीकडे माझ्या रेघा. ३ जून १९५०, हर्झॉग आणि लाशनाल शिखरावर. माणसाने गाठलेलं पहिलं आठ हजारी शिखर. त्या पानावर दुहेरी रेघ. त्यानंतर एकही खूण नाही. आणि पुस्तकाची बरीच पानं अजून उरलेली. हातमोजे उतारावरून घरंगळत जातात, वादळ येतं, रात्र हिमभेगेत जाते, पाठीवरून खाली आणतात, बोटं कापावी लागतात. हे सगळं मी वाचलं होतं. पेन्सिल मात्र खाली ठेवली होती.

तेव्हापासून हीच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. उतरणं शिकवणारं पुस्तक कुठलं?

सोपं उत्तर आहे, जो सिम्प्सनचं 'टचिंग द व्हॉइड'. १९८५, पेरूमधलं सिऊला ग्रांदे. शिखर लवकर येतं आणि मग पुस्तकभर उतरणंच उतरणं. उतरताना सिम्प्सनचा पाय मोडतो, सायमन येट्स त्याला दोराने खाली सोडत राहतो, शेवटी त्याला दोर कापावा लागतो, आणि सिम्प्सन हिमभेगेतून बाहेर पडून सरपटत तळावर पोचतो. मी हे एका मुलाला दिलं. त्याने रात्रीत संपवलं आणि सकाळी डोळे चमकवत विचारलं, "सर, असं काही आपल्याकडे झालंय का हो?" उतरणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोचला होता तो पराक्रम. व्हिंपरच्या पुस्तकाचंही तसंच. १४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्नवर त्याच्यासह सात जण पोचले, उतरताना त्यांतल्या हॅडोचा पाय घसरला, दोर तुटला, चार जण गेले. मुलांना तुटलेला दोर आठवतो. पाय नेमका कसा टाकला होता, हे कोणी विचारत नाही.

नीट उतरलेल्या माणसाकडे सांगायला काही नसतं, इथेच माझं गाडं अडतं. नीट चढलेल्याचं पुस्तक होतं, वाईट उतरलेल्याचंही होतं. नीट उतरलेल्याचं शेवटचं एक वाक्य होतं, बहुधा 'संध्याकाळी तळावर पोचलो' एवढंच. आपल्याकडच्या मोहिमांच्या पुस्तकांत तर तेही नसतं. झेंडा, फोटो, आभार, संपलं. गडावरून खाली आलेली आपली एकच बाई गोष्टीत उरली, ती हिरकणी. तीही दरवाजे बंद झाले म्हणून. रोज डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायांची गोष्ट कोणी लिहिलेली नाही. आणि सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले म्हणतात, ते तर आपण भाषेतच घेतलं. परतीचे दोर कापणं हा आपल्याकडे शौर्याचा शब्द आहे. लढाईत असेल. डोंगरात परतीचा दोर कापून कोणी जात नाही, आणि मी मात्र वर्षानुवर्षं तीच भाषा मुलांच्या कानात घालत आलो.

यातच माझा गुडघा गेला. चढताना दुखत नाही, उतरताना प्रत्येक पावलाला कळ येते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी उतरलेल्यालाच जास्त दुखतं, हे मी शिकवतच होतो. आता नाळेतून उतरताना दर दहा पावलांना थांबतो आणि माझ्या पुढची मुलं बघतो. जवळजवळ सगळी चुकीची उतरतात. टाचेवर भार, नजर लांब, तोंडात गप्पा. पंचवीस वर्षं मी यांच्या पुढे उतरत होतो, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं.

उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं, डोंगरात धावणाऱ्यांच्या पुस्तकांत. या मंडळींकडे मी आजवर नाक मुरडत आलो. कातळाला हात न लावता कसला डोंगर, असं मी उघड बोललोही आहे, आणि ते चूक होतं. रिचर्ड अ‍ॅस्क्विथचं 'फीट इन द क्लाउड्स' इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या फेल रनिंगबद्दल आहे. तिथला बॉब ग्रॅहम राउंड म्हणजे केझिक गावच्या मूट हॉलपासून निघायचं, बेचाळीस डोंगरमाथे करायचे आणि चोवीस तासांच्या आत त्याच दारात परत यायचं. ग्रॅहमने तो १९३२ साली केला. अ‍ॅस्क्विथला तो पुन्हा पुन्हा हुकला, आणि तो न लपवता लिहितो. या लोकांत चांगला उतरणारा हा मानाचा माणूस. चढावर मागे पडलेला उतारावर शर्यत जिंकतो, आणि ते कसब म्हणून सांगितलं जातं. किलियन जोर्नेट २०१३ साली मॅटरहॉर्नवर दोन तास बावन्न मिनिटांत जाऊन आला, तेव्हाही घड्याळ खाली गावच्या चर्चपाशी थांबलं. आम्ही गिर्यारोहक शिखरावरची वेळ लिहितो. धावणारे दाराशी परतल्याची लिहितात. इतका साधा फरक मला साठीच्या आसपास कळावा, याचं वाईट वाटतं.

'वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं' छापाच्या याद्यांत ही पुस्तकं असतातही, पण त्या याद्या शिखरांच्या उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. एका दिवसात पाच किल्ले करणाऱ्या ग्रुपनाही मी असंच सांगत असतो: पाचव्या किल्ल्यावरून उतरताना पाय थरथरतात त्याचा फोटो कोणी काढत नाही.

लाशनालचंही आता मी सांगतो. अन्नपूर्णेवर त्याला परत फिरायचं होतं. हर्झॉग एकटा गेला तर परतणार नाही, म्हणून तो वर गेला, आणि पायाची बोटं गमावून आला. त्याची वही १९५६ साली काटछाट करून छापली गेली, पूर्ण यायला १९९६ उजाडलं. तोवर तो हयात नव्हता. माझ्या रेघा हर्झॉगच्या वाक्यांखाली होत्या. लाशनाल माझ्या लेखी फक्त त्याचा जोडीदार होता.

कपाटाची मांडणी आता अशी आहे. पहिल्या फळीवर अ‍ॅस्क्विथ आणि नॅन शेफर्डचं 'द लिव्हिंग माउंटन'. ही स्कॉटलंडची बाई केर्नगॉर्म्समध्ये आयुष्यभर हिंडली, माथा गाठायची तिला घाई नव्हती. तीसेक वर्षं हस्तलिखित पडून राहिलं, १९७७ साली छापलं गेलं. त्याशेजारी गोनीदांचं 'माचीवरला बुधा', कारण मुंबई सोडून राजमाचीवर राहायला गेलेल्या म्हाताऱ्याला चढणं-उतरणं सारखंच होतं. हर्झॉग खालच्या फळीवर आहे. देतो अजूनही, पण आधी शिखरानंतरच्या पानांवर खुणा करून. त्या खुणा मी या उन्हाळ्यात केल्या, आणि निम्म्या त्या मुलीने.

ती आता चालते, दिवाळीनंतर घसाऱ्यावर सरावाला यायचं म्हणते. तिला 'टचिंग द व्हॉइड' वाचायचं आहे, आणि आता तिच्या हातात ते द्यायला मला भीती वाटत नाही. पण माझी प्रत कपाटात नाही. कोणीतरी नेली आहे, पहिल्या पानावर निळ्या शाईत माझी सही आणि १९९३ साल आहे. ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावी.