गाडीवरचे वाळलेले मेण

भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर मेणाचे पॉलिश लावले, की त्यातला द्रव लगेच उडून जातो आणि मेणाचे पांढरे डाग चिकटून बसतात. आमच्या गाडीच्या बोनेटवर आणि दारांवर असेच डाग पडले होते. लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी गाडी विकायला काढलेली, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होते.

असे डाग ब्लेडने खरवडू नयेत, कोरड्या फडक्याने रगडूही नयेत. रंगावरचा पारदर्शक थर वहीच्या पानाहून पातळ असतो. अस्रनंतर पत्रा गार झाल्यावर आम्ही सावलीत कामाला बसलो. वीतभर जागेवर तेच पॉलिश थोडे लावायचे. नव्यातल्या द्रवाने जुने मेण मऊ होते. ते वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पुसायचे, मग पुढची वीत. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवरचे डाग खोडरबराने निघाले. शिक्षकाच्या घरात खोडरबराला काय तोटा!

दारावरचे मेण निघाले, तसा खाली दडलेला लांब ओरखडा दिसू लागला. मेण अशा रेघा भरून टाकते. लेकीने विचारले, "अम्मी, परत जाड थर लावून ठेवायचा का?" तिच्या अब्बांनी पॉलिशच्या डबीचे झाकण लावून टाकले.

गिऱ्हाईक आले, तेव्हा आम्ही आधी तो ओरखडाच दाखवला. त्यांनी दोन हजार कमी दिले. तेवढे आम्ही भिशीतून उचलले. लेकीची फी हलाल पैशानेच भरायची होती.