फिलिपीला जाऊन ये

चि. चिऊ,


मॉर्गनटाउनच्या आसपास बघण्यासारखं काही नाही, असं परवा फोनवर म्हणालीस. अगं, तू राहतेस ते वेस्ट व्हर्जिनिया राज्यच अमेरिकेच्या यादवी युद्धात जन्माला आलं, आणि त्याचं बारसं ठरवणारी मोहीम तुझ्या दक्षिणेच्या डोंगरांत झाली.

१८६१चा मे महिना. व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटायचं ठरवलं, पण पश्चिमेकडच्या डोंगरी मुलखातल्या पुष्कळांना ते मान्य नव्हतं. शिवाय इथूनच बाल्टिमोर-ओहायो रेल्वे जात होती. वॉशिंग्टनला पश्चिमेशी जोडणारी ती नाडी. दक्षिणवाल्यांनी तिचे पूल जाळले आणि उत्तरेची फौज ओहायो नदी ओलांडून आत शिरली. ग्राफ्टनचं जंक्शन तिने घेतलं आणि ३ जूनच्या पहाटे, रात्रभर पावसात चालून, फिलिपी गाव गाठलं. दक्षिणेचे शिपाई झोपेतून उठून पळत सुटले. ‘फिलिपीची शर्यत’ अशी त्या लढाईची टिंगल झाली.

जेम्स हँगर या १८ वर्षांच्या पोराला मात्र पळता आलं नाही. तोफेचा गोळा उसळून पायावर आला आणि शत्रूच्याच डॉक्टरने त्याचा पाय कापला. घरी परतल्यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि पिंपाच्या फळ्या तासून, गुडघ्याला बिजागरी लावून स्वतःचा पाय घडवला. पुढे तो तोच धंदा करू लागला. त्याच्या नावाची कंपनी आजही कृत्रिम पाय बनवते.

आता उत्तरेच्या या फौजेचा सेनापती मॅक्लेलन. ११ जुलैला रिच माउंटनवर त्याच्या हाताखालच्या रोझक्रान्सने डोंगरावरच्याच हार्ट कुटुंबातल्या मुलाला वाटाड्या म्हणून घेतलं आणि रानातून वळसा घालून शत्रूची पिछाडी गाठली. बंदुकांचा आवाज आला की समोरून मॅक्लेलनने चढाई करायची, असं ठरलेलं. आवाज आला, हा जागचा हलला नाही. तरी डोंगर पडला. दोन दिवसांनी चीट नदीच्या उतारावर शत्रूचा सेनापती गार्नेट मारला गेला. आणि विजयाच्या तारा गेल्या त्या मॅक्लेलनच्या. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच!

२१ जुलैला बुल रनच्या लढाईत उत्तरेचा सपशेल पराभव झाला. हवालदिल राजधानीला जिंकलेला सेनापती हवा होता. तिने यालाच बोलावून घेतलं. आवाज ऐकून थांबण्याची त्याची खोड अध्यक्ष लिंकनला पुढे वर्षभर जाळत राहिली. नोव्हेंबर १८६२मध्ये त्याला हटवलं. १८६४मध्ये हा गृहस्थ लिंकनच्याच विरोधात अध्यक्षपदाला उभा राहिला आणि तिथेही हरला.

डोंगरी मुलूख मात्र उत्तरेकडेच राहिला. २० जून १८६३ला त्याचं वेगळं राज्य झालं. त्या तारखेला तुमच्याकडे सुट्टी असते. गाडीवाली कुणी मैत्रीण गाठ आणि फिलिपीला जाऊन ये. लढाईच्या वेळचा छपराचा लाकडी पूल अजून उभा आहे, त्यावरून गाड्याही जातात. आणि फोटो पाठवशील तो तुझा नको, पुलाचा पाठव.

तुझा,
मामा