अण्णांचे घड्याळ

आमच्या ताडकळसच्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एक खिळा आहे. त्या खिळ्याला अण्णांचे मनगटी घड्याळ टांगलेले असते. एच.एम.टी.चे 'जनता', चावीचे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते पूर्णा जंक्शनला रेल्वेत गँगमन होते. थकलेल्या पगाराची रक्कम एकदम हाती आली तेव्हा त्यांनी हे घड्याळ घेतले.

आमच्या आजोबांना स्वतःची अशी वेळ नव्हती. गावाने हाक मारली की उठायचे, मग रात्र असो की पहाट. अण्णांना मात्र ड्यूटीचे तास ठरलेले होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले. अण्णा कारखान्यात नव्हते, पण ही गोष्ट ते आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगत. "कामाचे तास संपले की उरलेली वेळ आपली," असे म्हणून ते मनगट पुढे करीत.

अण्णा गेल्यावर घड्याळाची चावी माय देऊ लागली. सकाळी वंदना झाली की ती घड्याळ कानाला लावी, चावी देई आणि मग चुलीकडे वळे. तिला काटे नीट दिसत नसत, पण टिकटिक ऐकू येई. तिला तेवढे पुरे होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी मी परभणीला निघालो होतो. जरा रुबाब असावा म्हणून खिळ्यावरचे घड्याळ हातात बांधले. येताना पावसाने गाठले. ओढ्याला गुडघाभर पाणी होते. गाडी घसरली आणि मी हातासकट पाण्यात गेलो. मला लागले नाही, पण घरी येऊन पाहतो तर घड्याळाच्या काचेखाली वाफ धरलेली.

मी ते फडक्याने पुसले, दोनदा चावी दिली आणि मायच्या नजरेआड उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते बंद पडले. मी रुमालात गुंडाळून पेटीत तळाशी टाकले आणि मायला सांगितले, "पट्टा तुटला होता, परभणीला दुरुस्तीला दिलंय." माय काहीच बोलली नाही. पण रोज सकाळी वंदना झाली की तिचा हात सवयीने खिळ्याकडे जाई आणि रिकामाच परत येई. मी मान खाली घालून चहा पीत असे.

तेवढ्यात वर्षावास सुरू झाला. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असे. वाचनाआधी त्रिसरण-पंचशील. चौथे शील आले की माझा आवाज बसायचा. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शपथ मी मायच्या शेजारी बसून रोज घेत होतो आणि घरी आलो की पेटीकडे बघत नव्हतो. दीड महिना असा काढला. एके रात्री राहवले नाही. पेटी उघडली आणि रुमाल मायच्या पुढ्यात ठेवला.

तिने घड्याळ कानाला लावले. म्हणाली, "भिजलं तर भिजलं रे लेकरा. पण मला खोटं कामून सांगितलंस? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

दुसऱ्याच दिवशी परभणी गाठली. तिथे एका बोळात म्हातारे घड्याळवाले चाचा बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण काढले आणि मला जवळ बोलावले. चावीची दांडी तांबूस झाली होती, स्क्रूंवर गंज होता, आणि केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगलाही डाग पडले होते. ते म्हणाले, "पाण्यानं घड्याळ मरत नाही, बेटा. पाणी आत राहिलं म्हणून मरतं. त्याच दिवशी आणलं असतं तर नुसतं धुऊन, सुकवून, तेल दिलं असतं."

वाचकांनाही हे उपयोगी पडेल म्हणून लिहितो. चावीचे घड्याळ भिजले तर चावी देऊ नये, कारण चाके फिरली की पाणी आणखी आत पसरते. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. तेल सुकते आणि ओल आतच राहते. लवकरात लवकर झाकण उघडून घ्यावे. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी खास घड्याळे निघाली. त्यांची चावी स्क्रूसारखी आवळलेली असते आणि झाकणाला रबरी रिंग असते. पण रबर जुने झाले की त्यांतही पाणी शिरते. आपले 'जनता' तर साधे, कष्टकऱ्याच्या हातचे.

चाचांनी एकेक भाग सुटा केला, पेट्रोलमध्ये धुतला, गंज उतरवला. चावीची दांडी आणि हेअरस्प्रिंग दुसऱ्या जुन्या 'जनता'मधून काढून बसवली. एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली होती. तो घड्याळाचा कारभार बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे आता एका जुन्या घड्याळाला दुसरे जुने घड्याळच जगवते.

डायलवर सहाच्या आकड्याजवळ पिवळा डाग राहिला होता. चाचा म्हणाले, "नवा रंग देऊन डायल कोरी करून देतो." मी मायला फोनवर विचारले. माय म्हणाली, "राहू दे. त्याच डायलवर तुझ्या अण्णानं ड्यूटीची वेळ बघितली. आणि डाग तुझा हाय, तो तुला दिसत राहू दे."

पंधरा दिवसांनी घड्याळ घरी आले. मायने ते कानाला लावले आणि डोळे मिटले. ठीक चालणारे 'जनता' सेकंदाला पाच ठोके देते. मला वाटते, त्या दिवशी तिने ते सगळे मोजले असावेत.

आज ते पुन्हा खिळ्यावर आहे. दिवसाला दोनेक मिनिटे मागे पडते, तेवढी माझी मुलगी पुढे करते. चूक सगळ्यांकडून होते. पण झाकून ठेवलेली चूक ओल्या घड्याळासारखी आतून गंजते. ती त्याच दिवशी उघडावी, आपल्या माणसापुढे उघडावी. दीड महिना उशीर करून मी एवढे शिकलो.

सर्व बांधवांना, मायमाऊल्यांना सप्रेम जयभीम.