धरणगावच्या लॅपटॉपवर बालकवी

त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, आमच्या धरणगावचे. जन्म १३ ऑगस्ट १८९०. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, माझ्याहून वर्षभराने लहान. त्यांच्या कविता कॉपीराइटमुक्त आहेत, म्हणून मी पुण्यात बसून त्यांची एक साधी वेबसाइट करायला घेतली. कविता टाइप करणं आणि तपासणं धरणगावात, आत्याकडे. ती मराठीची निवृत्त शिक्षिका.

साइट स्टॅटिक आहे. डेटाबेस वगैरे काही नाही. प्रत्येक कवितेची एक फाइल. जेकिल नावाचा प्रोग्राम त्यातून तयार पानं काढतो. वाचणाऱ्याला फक्त ब्राउझर लागतो. कटकट असते ती पानं काढणाऱ्याला. जेकिलला रुबी हवी, तीही जुळणारी आवृत्ती, वर तिच्या लायब्रऱ्या. हे सगळं बिऱ्हाड मी डॉकरच्या कंटेनरमध्ये भरलं. आत्याच्या विंडोजच्या पोटात आधी लिनक्स बसवावं लागलं, पण हा द्राविडी प्राणायाम दिवाळीत एकदाच केला. आता ती आयकॉनवर दोनदा क्लिक करते, ‘काय बदललं?’ याचं उत्तर लिहिते, की झालं.

कंटेनर आतून अगदी कोरा असतो. मी घेतलेल्या छोट्या लिनक्स इमेजमध्ये भाषेची सेटिंगच नव्हती, त्यामुळे रुबी सगळा मजकूर आस्की समजून वाचू लागली. आस्कीत चिन्हं १२८, त्यात आपलं एकही अक्षर नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘औ’ला तीन बाइट लागतात, पहिल्याच बाइटला बिल्ड अडला. सेटिंगची एक ओळ घातली आणि कंटेनरला मराठी येऊ लागलं. ही ओळ आपल्यालाच का घालावी लागते, हा राग मात्र अजून गेलेला नाही.

कंटेनरमुळे साइट वर्षानुवर्षं टिकेल, असं मित्र म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ‘लेटेस्ट’ म्हणून आज उतरवलेली इमेज आणि पुढच्या वर्षी उतरवलेली इमेज एकच असेल याची खात्री नसते. म्हणून मी नेमकी इमेज ठरवून टाकली आणि तिची फाइल पेनड्राइव्हवर आत्याला दिली. तरी ती नुसती परांचीच. ‘औदुंबर’ आठ ओळींची कविता, तिचं पान काही केबींचं. डॉकर, रुबी आणि मी, यांपैकी कोणी नसलं तरी ते उघडेल.

गेल्या आठवड्यात आत्याने एक दुरुस्ती करून पान परस्पर चढवलं. मला फोनसुद्धा नाही. नोंदीत एकच शब्द होता: ‘वेलांटी’.